तलावाची पाळ आणि घरादाराची पावले

‘रोज अर्धा तास चाला’ असे चिठ्ठीवर लिहून देणे सोपे असते. पेशंट मान डोलावतो, आणि महिनाभराने तेच वजन व तीच साखर घेऊन परत येतो. विचारले की उत्तरे ठरलेली. पुरुष म्हणतात, दुकान सोडून जायचे केव्हा? बाया म्हणतात, डॉक्टरसाहेब, सकाळी डबे कोण करणार? म्हातारी माणसे म्हणतात, रस्त्यावर ट्रक आणि मोटारसायकली इतक्या की, पाय घसरण्याआधी धक्काच लागायचा. मुलांना विचारायची सोयच नाही. त्यांची शाळा, शिकवणी आणि मोबाईल यांतून सूर्य कुठे उगवतो हे त्यांना ठाऊक नसते.

या तक्रारी खोट्या नाहीत. म्हणून गेली काही वर्षे मी चिठ्ठीवर आणखी एक ओळ लिहितो: ‘रविवारी सर्वांनी मिळून तलावावर.’ रोजच्या चालण्याला हा पर्याय नव्हे. पण एकट्याने सुरू केलेले चालणे आठ दिवसांत सुटते आणि घराने मिळून धरलेले टिकते, असा माझा अनुभव आहे. आजीला नातू ओढून नेतो, नातवाला आजी. असे फिरणे कसे करावे, किती करावे आणि त्यात धोके कोणते, हे आज पाहू.

तलाव आपल्या दारातच आहेत

महाबळेश्वर किंवा माथेरानला जायला पैसा आणि रजा लागते. आपल्या भंडारा-गोंदियाच्या लोकांना त्याची गरज नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला, पण तलावांचे नाते तुटलेले नाही. आपल्याकडचे कितीतरी तलाव निसर्गाने दिलेले नसून माणसांनी बांधलेले आहेत. कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी उतार पाहून, दोन टेकड्यांमधली जागा हेरून मातीच्या पाळी घातल्या. मालगुजारी गेल्यावर हे तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरे जोडून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले.

यांतला सर्वांत नावाजलेला म्हणजे अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. भोवतीच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि कोलू पाटलांना लोकांनी पुढे ‘कोलासूर’ नावाने देवपण दिले. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून या परिसरात बरीच वर्षे काढली आणि इथल्या पाण्यापाखरांवर मराठीत लिहून ठेवले. तिरोडा तालुक्यातले बोदलकसा आणि चोरखमारा, साकोलीकडचा शिवनीबांध हेही तसेच देखणे. आणि यांतले काहीच जवळ नसेल, तर आपल्या गावच्या तलावाची पाळ आहेच.

डॉक्टर म्हणून मला पाळ आवडते ती एका साध्या कारणाने. ती सपाट असते. चढ फक्त सुरुवातीला, दहा-वीस पावलांचा. खाली माती असते, डांबर किंवा सिमेंट नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून चांगला रस्ता सापडणे कठीण. शिवाय पाळीवर उभे राहिले की पुढचे सगळे दिसते. माणसे नजरेआड होत नाहीत, मुले हरवत नाहीत.

शरीराला काय मिळते

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाला आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा, आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे. रविवारी तलावावर दीड तास गेला तर मोठ्यांचा आठवड्याचा अर्ध्याहून अधिक हिशेब तिथेच पुरा होतो. उरलेला बुधवारी-शुक्रवारी बाजारात पायी जाऊनही भरून निघेल.

चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू काम करतात आणि रक्तातली साखर ओढून घेतात. इन्सुलिन कमी पडत असले तरी चालत्या स्नायूला साखर घेता येते, हे विशेष. म्हणून मधुमेह्याला चालणे हे औषधाच्या जोडीचे आहे. नियमाने चालणाऱ्याचा रक्तदाब काही अंशाने उतरतो. झोप सुधारते. गुडघेदुखीत चालू नये हा समज चुकीचा आहे. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. मात्र गुडघा सुजलेला आणि गरम असेल त्या दिवशी विश्रांतीच बरी.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आईवडिलांनी लक्षात ठेवावी. दिवसाचा बराच वेळ उघड्यावर, सूर्यप्रकाशात घालवणाऱ्या मुलांना लांबचे न दिसण्याचा दोष कमी प्रमाणात जडतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांतून पुढे आले आहे. घरातला दिवा कितीही लखलखीत असला तरी बाहेरच्या उजेडाची सर त्याला येत नाही. लागलेला चष्मा तलावावर जाऊन उतरणार नाही, पण ज्याला लागलेला नाही त्याचा लांबू शकतो. पाण्यातली अडई दाखवा, लांबच्या पळसावरचा बगळा ओळखायला सांगा. डोळ्याला लांब पाहण्याची सवय लागेल आणि मूलही कंटाळणार नाही.

माप सर्वांत हळू चालणाऱ्याचे

घराने मिळून फिरण्याचा पहिला नियम हा की, सर्वांत हळू चालणारा माणूस पुढे. बहुतेक घरांत उलटे होते. बाबा आणि मोठा मुलगा पुढे निघून जातात, आई मधे, आणि आजी लहानग्याचा हात धरून मागे धापा टाकत येते. पुढचे थांबतात, मागचे पोहोचले की लगेच पुन्हा निघतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नाही त्यांना ती मिळते, आणि ज्यांना आहे त्यांना मिळत नाही. आजीला पुढे ठेवा. चपळ माणसाने सर्वांच्या मागे चालावे, मुले मधे.

वेग ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताना शब्द तुटू लागले तर वेग जास्त झाला. आजीचे बोलणे बंद झाले की समजा, बसण्याची वेळ झाली.

पहिल्या खेपेला जाऊन-येऊन दोन किलोमीटर पुरे. पाच-सहा वर्षांचे मूल आणि साठीपुढचे माणूस सोबत असेल, तर थांबत थांबत याला तासभर लागतो. परत फिरण्याची वेळ निघण्याआधीच ठरवा. ‘त्या आंब्यापर्यंत जाऊ’ असे ठरवू नये, कारण आंब्यापाशी गेल्यावर पुढचा मोह दिसतो. घड्याळ लावून अर्धा तास गेला की वळायचे. परतीचे पाऊल नेहमी जड असते.

ज्यांना चालताना छातीत दडपण येते, जिना चढताना दम लागतो, पायाला बरी न होणारी जखम आहे, किंवा ज्यांचे नुकतेच मोठे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. चालता चालता छातीत दुखून घाम फुटला, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात गेले, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून पुढे जाऊ नये. माणसाला तिथेच बसवा आणि १०८ ला फोन करा.

केव्हा जावे

आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत उत्तम. याच दिवसांत परदेशी बदके आणि पट्टकादंबांसारखे पाहुणे तलावांवर उतरतात. मात्र पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत दमेकरी आणि हृदयरोगी यांनी घाई करू नये. ऊन अंगावर येऊ द्यावे, मग निघावे. कान आणि छाती झाकलेली असावी.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात. ती वेचायला माणसे पहाटे जंगलात जातात आणि अस्वलेही त्याच वासावर येतात. त्या दिवसांत झाडीच्या कडेची पायवाट टाळा, आणि एरवीही सूर्य वर आल्यावर निघून मावळण्याआधी परत या. एप्रिलच्या मध्यापासून आपल्या भागात पारा चढू लागतो. तेव्हा सकाळी सात-साडेसातच्या आत घरी परतलेले बरे. मे महिन्यात लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन लांबचे फिरणे नकोच.

पावसाळ्यात भीती विजेची. पाळ ही उंच आणि उघडी जागा. ढग गडगडल्याचा पहिला आवाज कानी पडताच पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जा. झाडाखाली उभे राहू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच बाहेर पडा.

पिशवीत काय असावे

माणशी एक लिटर उकळलेले किंवा गाळून शुद्ध केलेले पाणी घरूनच घ्या. तलावाचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिऊ नये, कारण जनावरे तिथेच बसतात. मुले तहान लागली असे सांगेपर्यंत थांबू नका, दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट द्या. शिदोरीला फुटाणे, गूळ-शेंगदाणे, केळी, पोळी-चटणी उत्तम. मीठ-साखरेच्या पाण्याचे एक पाकीट ठेवा. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा असावा आणि मीठ मोजूनच घालावे.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर ठेवावी. माझ्या ओळखीचे एक मास्तर वर्षानुवर्षे मधुमेही. एकदा सकाळची गोळी घेऊन, ‘परत येऊन नाश्ता करू’ म्हणून ते कुटुंबासोबत निघाले. अर्ध्या वाटेवर हात थरथरू लागले, घाम सुटला, बोलणे असंबद्ध झाले. सोबतच्यांना वाटले ऊन लागले. त्यांच्या दहावीतल्या मुलीला मात्र ही लक्षणे ठाऊक होती. तिने पिशवीतला गूळ वडिलांना खाऊ घातला आणि पाऊण तासात ते पायी घरी आले. अशा वेळी तीन-चार चमचे साखर किंवा गूळ द्यावा, पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावा. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. मधुमेह एकाचा असला तरी त्याची माहिती घरातल्या सर्वांना हवी.

पायात चपला नकोत. बंद बूट आणि मोजे हवेत. मधुमेह्याच्या पायाला काटा टोचला तरी कळत नाही, म्हणून घरी आल्यावर तळपाय उजेडात पाहावेत.

पाण्याची भीती बाळगा

आता सर्वांत महत्त्वाचे. तलावावर जाताना लोकांना वाघाची भीती वाटते, पाण्याची वाटत नाही. खरे तर उलटे असायला हवे. आपल्या तलावांचा तळ सारखा नसतो. कुठे गुडघ्याइतके पाणी, तर पुढच्याच पावलाला माती काढलेला खड्डा. गाळात पाय रुततो आणि शेवाळ व वेली पायाला वेढतात. पोहता येणाराही अडकतो.

लहान मूल बुडताना ओरडत नाही. सिनेमात दाखवतात तसे हात उंचावून हाका मारायला त्याला श्वासच उरत नाही. ते गुपचूप खाली जाते, फोटो काढणाऱ्यांच्या पाठीमागे. म्हणून पाण्याकाठी असेपर्यंत मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम एका मोठ्या माणसाला नाव घेऊन सोपवा. ‘सगळ्यांचे लक्ष आहे’ याचा अर्थ कुणाचेच नाही. त्या माणसाने मोबाईल खिशात ठेवावा. अर्ध्या तासाने दुसऱ्याने हे काम घ्यावे.

कुणी पाण्यात पडलेच तर पाठोपाठ उडी टाकू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या याच वर्तमानपत्रात आपण वाचतो. ओढणी, दुपट्टा, दोर, लांब काठी जे हाताशी असेल ते काठावरून त्याच्याकडे टाका. रिकामा बंद डबा किंवा पाण्याची मोठी रिकामी बाटलीही तरंगायला आधार देते. जवळ ढिवर बांधव मासेमारी करीत असतील तर त्यांना हाक द्या. बाहेर काढल्यावर माणसाला उलटे टांगणे, पोट दाबणे, गोल फिरवणे हे सर्व बंद करा. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालू नसेल तर उताणे निजवा, मान मागे करा, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या आणि छातीच्या मध्यभागी जोराने, लयीत दाबा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात दाखवावेच.

गवत, साप आणि आग्यामोहोळ

२०१८ च्या पावसाळ्याअखेरीस विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. उंच गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्याची पिले चावतात आणि त्यातून हा ताप येतो. चावल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप, डोके आणि अंग दुखणे सुरू होते. काहींच्या काखेत, जांघेत किंवा कमरेला विडीचा चटका लागल्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसते. झाकलेल्या जागी असल्याने ती पेशंटला ठाऊकही नसते. वेळेवर ओळखला तर हा आजार साध्या गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंड आणि मेंदूवर जातो आणि जीवही घेतो. म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात गवतात बसू-लोळू नका, सतरंजी अंथरा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. घरी आल्यावर अंघोळ करा आणि ते कपडे गरम पाण्यात धुवा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर ‘आम्ही तलावावर, गवतात गेलो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. या एका वाक्याने निदान लवकर होते.

सापांपैकी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार जास्त धोक्याचे. पाय टाकताना जमीन पाहा, दगडाखाली आणि बिळात हात घालू नका. साप चावलाच तर कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यांतले काही करू नये. बांगड्या, अंगठ्या, जोडवी काढा, तो भाग हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते. मांत्रिकाच्या दारात घालवलेला वेळ परत येत नाही.

मोठ्या झाडांवर आग्यामोहोळ असेल तर खाली चूल पेटवू नका, अत्तर लावून जाऊ नका, आणि मुलांच्या हातातला दगड काढून घ्या. माशा उठल्या तर तोंड झाकून घरात किंवा गाडीत पळा. नांगी नखाने लगेच खरवडून काढा. ओठ सुजले किंवा श्वास कोंडला तर एक मिनिटही न दवडता दवाखाना.

जंगलाचा मान राखा

नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या आत मनाला येईल तिथे पायी फिरता येत नाही. फाटकावरून नोंदणी करून, ठरलेल्या वाहनातूनच जायचे. आपले चालणे असावे ते गावाकडच्या पाळीवर आणि जिथे वनखात्याची परवानगी आहे तिथे. आत्ता कुठली वाट खुली आहे हे वनरक्षकाला किंवा गावकऱ्यांना विचारावे. एकट्यादुकट्याने झाडीत शिरू नये.

आपल्या गोंदियाच्या धानशेतांत आणि तलावांकाठी सारस पक्ष्याची जोडी अजून दिसते. महाराष्ट्रात इतरत्र तो जवळजवळ नाहीसाच झाला आहे. मुलांना तो लांबूनच दाखवा. घरट्याजवळ गेलात तर जोडी अंडी सोडून उठते. प्लास्टिकच्या पिशव्या आणि खर्र्याच्या पन्न्या पाळीवर टाकू नका. त्या पाण्यावर खालच्या गावची शेती आणि ढिवरांची चूल अवलंबून आहे. खर्रा घरीच विसरून आलात तर आरोग्याला त्याचाही फायदाच.

चार रविवारांचा बेत

पहिल्या रविवारी फक्त पाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि परत या. दुसऱ्या रविवारी दहा मिनिटे वाढवा आणि शिदोरी सोबत घ्या. तिसऱ्या रविवारी शेजारचे एखादे घर जोडीला घ्या, म्हणजे आजींना आजी आणि मुलांना मुले मिळतील. डब्याचे काम त्या दिवशी घरातल्या पुरुषांनी करावे. नाहीतर आईसाठी हा रविवार म्हणजे स्वयंपाकघराची बदली तेवढी होईल. चौथ्या रविवारी दीड तास चाला. त्यानंतरच्या सोमवारी ज्यांना रक्तदाब आणि साखर आहे त्यांनी तपासून घ्या आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. कुणाचा आकडा उतरलेला दिसेल, कुणाचा नाही. पण औषधाची गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका. आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि चालणे चालूच ठेवा.